इम्प्रेशनिस्ट चित्रात ड्रॉइंग कुठे असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन वर्षं तुम्ही बाहेर बसून तैलरंगात निसर्गचित्रं करता आहात. मोने आणि पिसारो, म्हणजे एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये बदलता प्रकाश रंगाच्या सुट्या फटकाऱ्यांत पकडणारे इम्प्रेशनिस्ट चित्रकार, तुमचे आवडते. तुमचे शिक्षक दर वेळी सांगतात, "रंग छान आहे, ड्रॉइंग कच्चं आहे." तुमचं म्हणणं, इम्प्रेशनिस्टांनी ड्रॉइंग टाकूनच दिलं होतं, मग त्यावर वेळ कशाला घालवायचा? शिवाय मोबाइलवरचा फोटो कॅनव्हासवर ट्रेस करून त्यावर सुटे फटकारे मारले तर चालेल का, असंही तुम्ही विचारलं आहे.

शिक्षकांचं बरोबर आहे. मात्र 'ड्रॉइंग' या शब्दाने तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं, ते त्यांना अभिप्रेत नसावं. घोटाळा या एका शब्दात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांपासून हाताला एक सवय लागते. आधी पेन्सिलने बाह्यरेषा काढायची, खोडरबराने ती साफ करायची, मग आत रंग भरायचा. रंग रेषेबाहेर गेला की चूक. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधल्या अकादमीची शिस्त याहून कितीतरी कडक होती, पण क्रम तोच होता: आधी छापील रेखाटनांच्या नकला, मग प्लास्टरचे पुतळे, मग जिवंत मॉडेल, आणि रंग सगळ्यांत शेवटी. रेखाटन म्हणजे कलेचा प्रामाणिकपणा, असं अँग्र हा अकादमीच्या परंपरेतला चित्रकार म्हणत असे, आणि त्याच्या शिष्यांनी तो शब्द शिरोधार्य मानला होता. मोने, पिसारो आणि मंडळींनी मोडला तो हा क्रम. आधी रेषेने वस्तू बंदिस्त करायची आणि मग ती रंगाने भरायची, हे त्यांनी थांबवलं. पण वस्तू किती मोठी, कुठे सुरू होते, कुठे संपते, किती झुकते आणि तिच्या मागची जागा किती खोल, हे निर्णय त्यांनाही घ्यावेच लागले. फरक इतकाच की ते निर्णय रंग लावण्याआधी एकदाच घेऊन मोकळं होता येईना. कुंचल्याच्या प्रत्येक फटकाऱ्याबरोबर ते नव्याने घ्यावे लागू लागले.

हे पटायला एक छोटा प्रयोग करा. मोनेचं 'इम्प्रेशन, सूर्योदय' हे १८७२ चं चित्र मोबाइलवर उघडा. या चळवळीला नाव मिळालं ते यावरूनच. १८७४ च्या प्रदर्शनात ते पाहून लुई लरुआ या टीकाकाराने लिहिलं होतं की भिंतीला लावायचा कागदसुद्धा कच्च्या अवस्थेत यापेक्षा जास्त पुरा झालेला असतो. आता त्या चित्राचा रंग काढून टाका, कृष्णधवल करा. तो नारिंगी सूर्य जवळजवळ दिसेनासा होतो, कारण त्याची उजळता भोवतालच्या आकाशाइतकीच आहे. होड्या मात्र जागच्या जागी राहतात. पुढची होडी गडद, तिच्या मागची फिकट, तिसरी धुक्यात विरत चाललेली, आणि तिन्ही एका तिरक्या ओळीत लहान होत गेलेल्या. वल्हवणारा माणूस दोन-तीन फटकाऱ्यांत उभा आहे, तरी त्याचं वजन होडीत नेमकं पडलेलं जाणवतं. हे सगळं ड्रॉइंग आहे. रेषा एकही नाही.

मोनेने ड्रॉइंग केलंच नाही, या समजुतीला मोने स्वतःही जबाबदार आहे. उतारवयात त्याला स्वतःची प्रतिमा अशीच आवडत असे: निसर्गासमोर उभा राहणारा आणि थेट रंगाने सुरुवात करणारा. प्रत्यक्षात त्याची सुरुवात पेन्सिलने झाली. ल आव्ह्र या बंदराच्या गावात पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो गावातल्या लोकांची व्यंगचित्रं काढून दहा-वीस फ्रँकला विकायचा. फ्रेमवाल्याच्या दुकानाच्या काचेत ती लावलेली असत, आणि तिथेच बूदाँ या निसर्गचित्रकाराच्या नजरेस ती पडली. बूदाँने त्याला काय सांगितलं, हे मोनेनेच १९०० साली एका मुलाखतीत सांगितलं आहे: अभ्यास कर, पाहायला आणि रंगवायला शीक, रेखाटनं कर, निसर्गचित्रं कर. बूदाँने त्याला मोकळ्या हवेत नेलं, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. 'रेखाटनं कर' मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

व्यंगचित्र ही रेखाटनाची फार मोठी तालीम आहे. चेहऱ्यातलं एकच वैशिष्ट्य पकडायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं. कोणती रेषा टाकून दिली तरी माणूस ओळखू येतो, हे ज्याला पंधराव्या वर्षी कळलं, त्याला पुढे तीन फटकाऱ्यांत नावाडी उभा करणं का जमलं, याचं मला नवल वाटत नाही.

पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयात मोनेच्या आठ स्केचबुक आहेत. त्यांत साँ-लाझार स्टेशनची रेखाटनं आहेत, रूआँच्या कॅथेड्रलची आहेत. ही रेखाटनं देखणी नाहीत. झरझर ओढलेल्या रेघा, चौकट कुठे कापायची याचा शोध, बस. १८७४ च्या त्या गाजलेल्या प्रदर्शनात तेलचित्रांच्या जोडीला त्याने पेस्टलही, म्हणजे रंगीत खडूंची चित्रंही, मांडली होती. १९०१ मध्ये लंडनला पोहोचल्यावर त्याचे कॅनव्हास यायला उशीर झाला, तेव्हा हात रिकामा ठेवायचा नाही म्हणून त्याने थेम्सची आणि वॉटर्लू पुलाची पेस्टलं केली. शिवाय मासिकात छापण्यासाठी तो स्वतःच्या तेलचित्रांवरून काळ्या खडूने रेखाटनं करून देत असे, कारण त्या काळी रंगचित्र तसंच्या तसं छापता येत नव्हतं. रूआँच्या दृश्याचं असं एक रेखाटन अमेरिकेतल्या क्लार्क संग्रहालयात आहे. नुसत्या काळ्या खडूत पाण्यातलं प्रतिबिंब, झाडांच्या रांगा आणि दूरचं शहर इतकं नेमकं बसलं आहे की रंग काढून घेतल्यावर मोनेपाशी काय उरतं, याचं उत्तर तिथे मिळतं.

मोनेचं एक वाक्य तुम्ही नक्की वाचलं असेल, कारण समाजमाध्यमांवर ते फिरत असतं. अमेरिकन चित्रकर्ती लिला कॅबट पेरी जिव्हेर्नी या मोनेच्या गावात त्याची शेजारीण होती, तिने ते नोंदवून ठेवलं. रंगवायला बाहेर पडलात की समोर काय आहे, झाड, घर की शेत, ते विसरा. इथे निळ्याचा लहानसा चौकोन आहे, इथे गुलाबी लांबट आयत आहे, इथे पिवळ्याची पट्टी आहे, एवढाच विचार करा आणि तुम्हाला दिसतो तसा नेमका रंग आणि नेमका आकार रंगवा. हे वाक्य वाचणारे बहुतेक जण रंगाशी थांबतात. पुन्हा वाचा. चौकोन, आयत, पट्टी: तिन्ही शब्द आकाराचे आहेत. 'नेमका रंग' याच्या जोडीला 'नेमका आकार' आहे. झाडाचं नाव विसरायला तो सांगतो, कारण नाव आठवलं की हात डोक्यातलं ठरीव झाड काढू लागतो. समोरच्या झाडाचा आकार त्यामुळे हुकतो. ड्रॉइंग शिकवणारा कुठलाही चांगला शिक्षक पहिल्या दिवशी नेमकं हेच सांगतो.

पेरीनेच आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. मोनेच्या पॉपलर झाडांच्या मालिकेतल्या एका चित्राचा प्रकाश फक्त सात मिनिटं टिकायचा, एका ठरावीक पानावरून ऊन सरेपर्यंत. सात मिनिटांत रोज काय होऊ शकतं, याचा विचार करा. झाडांची उंची किती, खोडांमधली अंतरं किती, पाण्याची कड कुठे, हे तेवढ्या वेळात शोधता येत नाही. ते आधी ठरलेलं असावं लागतं, कॅनव्हासवर किंवा हातात. प्रकाशासाठी ती सात मिनिटं मोकळी राहतात, कारण बाकीचं काम झालेलं असतं.

आता पिसारो. तो तुमचा आवडता आहे म्हणून त्याच्यापाशी जरा जास्त रेंगाळतो. शिवाय तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला त्याच्याकडेच सापडलं.

पिसारोचं म्हणणं दोन ठिकाणी दोन तऱ्हांचं दिसतं. १८९६-९७ च्या सुमारास लुई ल बाय नावाचा तरुण चित्रकार त्याच्याकडे शिकत होता. त्याला त्याने सांगितलं: वस्तूंच्या बाह्यरेषा फार घट्ट बांधू नकोस, योग्य छटेचा (म्हणजे योग्य उजेड-गडदपणाचा) आणि योग्य रंगाचा फटकारा हेच रेखाटन झालं पाहिजे. काटेकोर, कोरडं रेखाटन सगळ्या चित्राचा परिणाम मारतं. एकेक तुकडा पुरा करत जाऊ नकोस, सगळीकडे एकदम रंग टाक. तुमच्यासारखा वाचक इथे खूश होतो. पण हाच पिसारो १८८३ मध्ये लंडनला गेलेल्या आपल्या मुलाला, ल्युसियाँला, पत्रामागून पत्रं लिहीत होता आणि त्यांत एकच धोशा होता: रेखाटनं कर. सतत कर, जे दिसेल त्याचं कर. ल्युसियाँ तिथे लग्रो या चित्रकाराच्या वर्गात जाई. लग्रोची छाप पोराच्या हातावर कायमची बसेल, अशी बापाला भीती. त्यावरचा उपाय पिसारोने आपल्यातल्याच देगा या चित्रकाराच्या हवाल्याने कळवला: वर्गात जे रेखाटन केलंस, ते घरी येऊन नुसतं आठवून पुन्हा काढ.

एकाला 'बाह्यरेषा बांधू नकोस', दुसऱ्याला 'रात्रंदिवस रेखाटन कर'. मला वाटतं, यात विरोध नाही. ल बायला तो कॅनव्हासवर काय करायचं ते सांगत होता, आणि ल्युसियाँला कॅनव्हासपर्यंत पोहोचण्याआधी काय करायचं ते. कॅनव्हासवर रेषेचा आधार काढून घेतलात, तर तो आधार हातात असावा लागतो. पेन्सिलची रेषा खाली असली की कुंचला निष्काळजी राहिला तरी चालतं, आकार रेषा सांभाळते. रेषा नसली की प्रत्येक फटकाऱ्याला आकार, छटा आणि रंग ही तिन्ही कामं एकदम करावी लागतात. म्हणजे इम्प्रेशनिस्ट पद्धतीत ड्रॉइंग जास्त यायला हवं, कमी नव्हे. ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात पिसारोच्या घराण्याने दिलेली त्याची शेकडो रेखाटनं आहेत: बाजारातल्या बायका, वाकून बटाटे काढणारे शेतकरी, बसलेल्या मुली, नुसती पाठ, नुसता हात. हे सगळं करून मग तो शेतात कॅनव्हास लावायचा.

तुम्हाला जो प्रश्न पडला, तो त्या काळातल्या लोकांनाही पडत होता, आणि ही गोष्ट खुद्द बेर्त मोरिसो या इम्प्रेशनिस्ट चित्रकर्तीच्या ध्यानात आली होती. जानेवारी १८८६ मध्ये ती रन्वार या सहकारी चित्रकाराच्या स्टुडिओत गेली. तिथे तिला लाल आणि पांढऱ्या खडूंतली स्त्रियांची अभ्यासचित्रं दिसली. परत येऊन तिने वहीत लिहिलं की हा अव्वल दर्जाचा रेखाटनकार आहे, आणि एका चित्रामागची ही सगळी तयारी लोकांना दाखवली पाहिजे, कारण इम्प्रेशनिस्ट सहज, वाटेल तसं काम करतात असा लोकांचा समज आहे.

रन्वार तेव्हा मोठ्या घालमेलीतून जात होता. १८८१ मध्ये तो इटलीला गेला, रोममध्ये राफाएलची भित्तिचित्रं पाहिली आणि हादरला. इम्प्रेशनिझमच्या टोकाला आपण पोहोचलो, आणि आपल्याला ना रंगवता येतं ना रेखाटता, असं तेव्हा लक्षात आलं, असं त्याने पुढे व्होलार या चित्रविक्रेत्याला सांगितलं. त्यानंतरच्या वर्षांत त्याने रेषा परत आणली. 'मोठ्या स्नानमग्ना' हे फिलाडेल्फियातलं चित्र त्याने १८८४ ते १८८७ असं तीन वर्षं केलं, त्यासाठी सुमारे २० अभ्यासचित्रं काढली. माझं प्रामाणिक मत विचाराल, तर ते चित्र मला थोडं कडक वाटतं. देह कापून चिकटवल्यासारखे वाटतात. पण त्याचं 'छत्र्या' हे चित्र प्रत्येक विद्यार्थ्याने पाहावं. ते १८८१ च्या सुमारास सुरू झालं आणि १८८६ च्या आसपास पुरं झालं. उजवीकडची बाई आणि मुली मऊ, पिसासारख्या फटकाऱ्यांत आहेत, कडा हवेत विरघळलेल्या. डावीकडची टोपली घेतलेली मुलगी ठाम बाह्यरेषेत आहे, अंगाचा गोलवा आखीव. एकाच कॅनव्हासवर एका चित्रकाराची दोन उत्तरं. मी विद्यार्थ्यांना विचारतो, कुठल्या बाजूचं ड्रॉइंग चांगलं? पहिल्यांदा सगळे डावीकडे बोट दाखवतात. अर्धा तास पाहिल्यावर काही जणांना दिसायला लागतं की उजवीकडच्या मुलीच्या चेहऱ्याचा कोन, टोपीखालची सावली, हातातलं खेळण्याचं कडं, सगळं तितकंच अचूक आहे. फक्त ते रेषेने सांगितलेलं नाही.

देगाबद्दल बोलायचं तर एक वेगळं उत्तर लागेल, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नापुरतंच बोलतो. त्याला बाहेर बसून रंगवण्याचं वावडं होतं. तो अँग्रच्या शिष्याकडे, लामोतकडे शिकला. तरुणपणी अँग्रला भेटायला गेला तेव्हा त्या म्हाताऱ्याने सांगितलं, "रेषा काढ, पोरा, भरपूर रेषा काढ, समोर बघून काढ आणि आठवून काढ." देगाने ते आयुष्यभर पाळलं. पुढे तो म्हणे, रेखाटन म्हणजे आकार नव्हे, आकार पाहण्याची रीत आहे. आडव्या दांड्यापाशी बॅले नृत्याचा सराव करणाऱ्या एका मुलीचं त्याचं रेखाटन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याच्या बाजूला त्याने स्वतःसाठी लिहून ठेवलं आहे की कोपराचं हाड नीट ठसवायचं. नर्तकीच्या हलक्या झग्यावर, रंगमंचाच्या दिव्यांवर आपण भाळतो. तो माणूस कोपराच्या हाडाची काळजी करत होता.

आणि हो, देगा ट्रेस करायचा. सर्रास करायचा. ट्रेसिंग पेपरवर एक आकृती उतरवून तीच पुढच्या कागदावर, मग त्याच्याही पुढच्या, दर वेळी थोडी बदलून. कधी उलटी करून. कागद कमी पडला तर कडेला पट्टी जोडून. पण तो ट्रेस करायचा ते स्वतःचं रेखाटन, आणि दर खेपेला त्यातली चूक सुधारायला. फोटो ट्रेस करताना तुम्ही यातलं काहीच करत नाही. लेन्सने तुमच्या वतीने घेतलेले निर्णय नुसते उतरवून घेता. मोबाइलच्या फोटोत जवळची वस्तू फुगते, दूरचा डोंगर बारीक होतो, सावल्या काळ्याठिक्कर होतात. त्या आराखड्यावर सुटे फटकारे मारलेत, तर फटकारे सुटे आणि खालची रेषा घट्ट, अशी दोन चित्रं एकमेकांवर बसतात. पाहणाऱ्याला नेमकं काय खटकतं हे सांगता येत नाही, पण खटकतं. संदर्भासाठी फोटो जरूर काढा. कॅनव्हासवर मात्र उतरवू नका.

कायबोतचं 'पॅरिसचा रस्ता, पावसाळी दिवस' (१८७७) पाहिलंत तर कळेल की या मंडळींतल्या एकाने पट्टी घेऊन यथादर्शन (पर्स्पेक्टिव्ह) आखलं होतं, आणि तो त्यांच्यातलाच एक होता. त्यांच्यातल्याच मेरी कसाट या चित्रकर्तीने १८९० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात जपानी ठसेचित्रं पाहिली आणि त्यांतून निघालेली तिची दहा रंगीत मुद्राचित्रं म्हणजे नुसत्या रेषेचा आनंद आहे. त्यांच्याबरोबर सुरुवात केलेल्या सेझानने शेवटी एमिल बर्नार या तरुण चित्रकाराला सांगितलं की रेखाटन आणि रंग वेगळे नाहीतच. रंगवता रंगवता रेखाटन होत जातं, आणि रंगांचा मेळ जितका जमत जातो तितकं रेखाटन नेमकं होतं. ते वाक्य मला फार जवळचं आहे. पण ते म्हाताऱ्या सेझानचं आहे. तरुण सेझान लुव्ह्रमध्ये बसून वर्षानुवर्षं पुतळ्यांची रेखाटनं करत होता.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो, कारण तुम्ही ज्या जागी आहात तिथे मीही होतो. वीसेक वर्षांपूर्वी मी वाईला कृष्णेच्या घाटावर महिनाभर पहाटे बसत होतो. ढोल्या गणपतीच्या देवळावर पहिलं ऊन पडायचं, पाण्यावर धुकं, पायऱ्यांवर जांभळ्या सावल्या. मी रंगाने वेडा झालो होतो. खाली काही न आखता थेट रंग लावत होतो. मुक्कामी येऊन भिंतीला टेकवून पाहिलं की शिखर एका बाजूला कललेलं, पायऱ्या पाण्यावर तरंगताहेत, देऊळ पत्र्याचं वाटावं असं. रंग मात्र खरेच सुंदर होते, आणि त्याचंच जास्त दुःख व्हायचं. शेवटी एके दिवशी मी रंगपेटी मुक्कामावर ठेवली आणि तीन आठवडे फक्त वही आणि 4B पेन्सिल घेऊन त्याच पायऱ्यांवर बसलो. शिखराची उंची पायऱ्यांच्या किती पट, नदीकडची दगडी भिंत कुठे वळते, पाण्याची कड कुठल्या पायरीला लागते. त्या देवळाची मागची बाजू पुराचं पाणी कापण्यासाठी माशासारखी निमुळती बांधली आहे. ते मी इतके दिवस समोर बसूनही पाहिलं नव्हतं. रेखाटताना पहिल्यांदा दिसलं. मग पुन्हा रंग घेतले. तासाभरात जो कॅनव्हास झाला तो आजही माझ्याकडे आहे.

जे. जे. मध्ये शिकून कोल्हापूरला परतलेल्या आबालाल रहिमान यांची कोटितीर्थाची चित्रं तुम्हाला कुठे पाहायला मिळाली, तर जवळ जाऊन पाहा. तळ्यावरचा प्रकाश किती मोकळा आहे आणि त्याखाली शिकलेला हात किती पक्का आहे, दोन्ही दिसेल.

आता तुम्ही प्रत्यक्ष काय करावं.

बाहेर जाताना खिशात मावेल एवढी वही ठेवा. कॅनव्हास उघडण्याआधी काडेपेटीएवढ्या तीन-चार चौकटी काढून त्यांत समोरचं दृश्य फक्त तीन छटांत बसवा: उजेड, मधलं, गडद. पेन्सिल आडवी धरून, बाह्यरेषा न काढता. यातली कुठलीही चौकट हातभर अंतरावरून ओळखू आली नाही, तर तो कॅनव्हास मोठा करून उपयोग नाही. जागा बदला किंवा चौकट बदला. याला दहा मिनिटं लागतात आणि दोन तास वाचतात.

कॅनव्हासवर पेन्सिल नको. ग्राफाइट रंगातून वर डोकावतो, आणि मुख्य म्हणजे पेन्सिलची बारीक रेषा दिसली की ती भरण्याचा मोह होतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमध्ये पातळ करा, मध्यम जाडीचा कुंचला घ्या आणि पाच-सहा खुणा करा: क्षितिज, सगळ्यांत उंच गोष्टीचं टोक, तिचा पाया, सगळ्यांत मोठ्या गडद भागाची कड, पाणी किंवा रस्ता जिथे वळतो तो बिंदू. वस्तूंची चित्रं नकोत, फक्त जिथे दोन भाग एकमेकांना भेटतात त्या जागा. मग पिसारोने सांगितलं तसं सगळीकडे एकदम पातळ रंग टाका. पांढरा कॅनव्हास झाकला गेल्याशिवाय छटांची तुलना होत नाही, आणि तुलना झाल्याशिवाय आकार बसत नाही.

झाड काढताना फांद्यांच्या मधल्या आकाशाचे तुकडे रंगवा. पानांपेक्षा ते सोपे आहेत, कारण त्यांना नाव नाही. फटकाऱ्याची दिशा आकाराप्रमाणे ठेवा. उतारावर उताराबरोबर, पाण्यावर आडवी, खोडावर वळणाबरोबर. तुमच्या चित्रांचे जे फोटो मी पाहिले त्यांत सगळे फटकारे एकाच तिरक्या दिशेने आहेत, डोंगरापासून पाण्यापर्यंत. त्यामुळे सगळं एकाच पडद्यावर विणल्यासारखं दिसतं. मोनेच्या पाण्यात आणि गवतात हात वेगवेगळा चालतो, तेवढं एक पाहून घ्या. आणि चुकलेल्या जागेवर रंगाचा थर चढवत बसू नका. पॅलेट नाइफने खरवडा आणि पुन्हा लावा. आकार चुकला असेल तर कितीही सुंदर जांभळा त्याला वाचवत नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर देगाचा तो उपाय करा: सकाळचं दृश्य न पाहता वहीत आठवून काढा, आणि मग फोटोशी ताडून पाहा. जे आठवलं नाही, ते तुम्ही पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिथेच जाऊन आधी तेवढंच पाहा. हे सलग पंधरा दिवस करून बघा. सुरुवातीला फार त्रास होतो, मग अचानक हात आपणहून थांबायला लागतो, चुकीच्या जागी रंग टेकवण्याआधी.

शिक्षकांकडे परत जाल तेव्हा त्यांना एक विनंती करा. 'कच्चं' म्हणजे नेमकं काय, ते चित्रावर बोट ठेवून दाखवायला सांगा. माप चुकलं आहे, कोन चुकला आहे की छटा चुकली आहे? तिन्हींचा सराव वेगवेगळा आहे. तुमच्या चित्रांचे फोटो पाहून माझा अंदाज आहे की मापं बरी आहेत आणि छटा चुकते: दूरचे डोंगर पुढच्या झाडाइतके गडद होतात. तसं असेल तर महिनाभर फक्त कोळशाने काम करा, रंग नको. आणि ती कोळशाची पानं फेकू नका. क्रमाने ठेवा, तारीख घाला, आणि दर रविवारी एका ओळीत भिंतीला लावून पाहा.